वर्गणी, देणगी, अनुदान, भाडे : नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अर्थकारणाची १८० वर्षे #थ्रेड

१/
नाशिकच्या टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालय, म्हणजे नाशिककरांचे 'सावाना', १८४० साली स्थापन झाले. त्या वेळी नाशिक हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता, तो अहमदनगरच्या अखत्यारीतील एक भाग होता. नगरपालिका १८६४ साली आली. थळ घाटातून मुंबईशी जोडणारा लोहमार्ग १८६५ साली सुरू झाला आणि स्वतंत्र जिल्हा १८६९ साली झाला. वाचनालय या तिन्हींहून वयाने वडील आहे.

२/
एवढ्या दीर्घायुषी संस्थेचा इतिहास बहुधा अध्यक्षांच्या नावांनी, समारंभांनी आणि थोरामोठ्यांच्या भेटींनी सांगितला जातो. पण वाचनालयाला दर महिन्याला दिवाबत्ती लागते, वर्तमानपत्रांचे पैसे द्यावे लागतात, शिपायाचा पगार करावा लागतो. हा पैसा कोठून आला, आणि पैसा देणाऱ्याने त्या बदल्यात काय मागितले, हे पाहिले की संस्थेचा वेगळाच इतिहास दिसू लागतो.

३/
प्रारंभ त्या काळाच्या संदर्भापासून करावा लागेल. पेशवाई १८१८ साली संपली. पुढील दोन-तीन दशकांत मुंबई इलाख्याच्या जिल्ह्याच्या ठिकाणी 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' या धर्तीच्या संस्था निघू लागल्या. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ चे, अहमदनगरचे १८३८ चे, नाशिकचे १८४० चे आणि पुण्याचे १८४८ चे. युरोपियन अधिकारी, कचेरीतील इंग्रजी जाणणारे एतद्देशीय नोकर, शिक्षक, वकील आणि गावातील काही संपन्न घराणी हा त्यांचा आधारवर्ग होता.

४/
नाशिकला दान नवे नव्हते. गोदावरीचे घाट, मंदिरे, धर्मशाळा, अन्नछत्रे ही सारी दानाच्या पैशावर उभी राहिली आणि दर बारा वर्षांच्या सिंहस्थात त्या दानाला पूर येत असे. मात्र ते दान पुण्यासाठी होते, एकरकमी होते, आणि बहुधा बाहेरगावच्या यजमानाचे होते. वाचनालयाची वर्गणी याहून सर्वस्वी निराळी ठरली. रक्कम लहान, पण दरमहा द्यायची, देणारा गावातलाच, आणि तिच्यातून परलोकीचे काहीही पदरात पडणार नाही.

५/
वर्गणीची पद्धत या साऱ्या ग्रंथालयांत थोड्याफार फरकाने सारखीच होती. सभासदांचे वर्ग पाडलेले असत. अधिक वर्गणी देणाऱ्या वरच्या वर्गाला एका वेळी अधिक पुस्तके आणि नव्या पुस्तकांवर पहिला हक्क मिळे. खालच्या वर्गाला कमी. वाचनकक्षात बसून वर्तमानपत्र वाचण्यास बहुधा मोकळीक असे. थोडक्यात, घरी पुस्तक नेणारे वर्गणीदार वाचनकक्षातील फुकट वाचकांचा खर्च उचलत. 'सार्वजनिक' या शब्दाचा आर्थिक अर्थ तेव्हापासून हाच राहिला आहे.

६/
या व्यवस्थेचे एक बळ होते. पैसा सभासदांचा असल्याने कारभारी मंडळींना त्यांच्यापुढे हिशेब मांडावा लागे. वार्षिक सभा, निवडून दिलेली समिती, जमाखर्चाचे वाचन या गोष्टी शहराला नगरपालिकेच्या निवडणुकांपूर्वीच अशा संस्थांतून परिचित होऊ लागल्या. लोकशाहीचे पहिले धडे अनेक गावांनी वाचनालयाच्या वर्गणीच्या वहीवर गिरवले, असे म्हणण्यास आधार आहे.

७/
दुर्बलताही तेथेच होती. वर्गणी देणारा मोठा वर्ग बदलीच्या नोकरीतला होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची कारकीर्द पाहावी : १८७८ साली पुण्याहून नाशिकला बदली, आणि पुढच्याच वर्षी धुळ्याला. असा वाचक येतो तेव्हा सभा-संस्थांत चैतन्य येते आणि तो जातो तेव्हा वर्गणीच्या वहीतील एक ओळ रिकामी होते. ज्या संस्थेची जमा शे-दीडशे माणसांवर अवलंबून असते, तिला दहा बदल्याही जाणवतात.

८/
खर्चाची बाजूही चमत्कारिक होती. पुस्तक एकदा घेतले की वर्षानुवर्षे उपयोगी पडते. वर्तमानपत्राची वर्गणी मात्र दर वर्षी नव्याने भरावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठी नियतकालिके वाढली. 'ज्ञानप्रकाश' १८४९ चे, 'विविधज्ञानविस्तार' १८६७ चे, 'केसरी' १८८१ चे. प्रत्येक नव्या पत्राबरोबर वाचनालयाचा कायमचा खर्च वाढत गेला. नियतकालिके वाचकांना आणतात आणि ग्रंथखरेदीचा पैसा खातात, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

९/
जागेचा प्रश्न बराच काळ सरकारी आश्रयाने सुटला. वाचनालय पेशवेकालीन सरकारवाड्यात दीर्घकाळ होते. भाडे वाचणे हे लहान संस्थेसाठी मोठेच अनुदान असते, मात्र ते जमाखर्चात कोठेही दिसत नाही. पण ज्याची जागा त्याची नजर, हेही खरे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांची हत्या झाली आणि पुढच्याच वर्षी छापखान्यांकडून जामीन मागणारा प्रेस अ‍ॅक्ट आला. अशा काळात सरकारी छताखालच्या कोणत्याही वाचनकक्षाला आपल्या टेबलावर काय ठेवावे याचा दोनदा विचार करावा लागणे स्वाभाविक होते.

१०/
दुसरा स्रोत देणगीचा. देणगीदाराचा ओढा दिसणाऱ्या वस्तूकडे असतो : इमारत, सभागृह, कपाटे, ग्रंथसंग्रह. तेथे नावाची पाटी लागते. सावानाच्या वास्तूतील परशुराम साईखेडकर नाट्यगृह आणि मु. शं. औरंगाबादकर सभागृह ही नावे शहराच्या रोजच्या बोलण्यात रुळलेली आहेत. परंतु कंदिलाच्या तेलासाठी, पुस्तकबांधणीच्या खळीसाठी किंवा शिपायाच्या पगारासाठी स्मरणार्थ देणगी सहसा कोणी देत नाही. देणगीने संस्थेची मालमत्ता वाढते, आणि मालमत्तेबरोबर तिच्या देखभालीचा खर्चही वाढतो.

११/
यावर जाणत्या कारभाऱ्यांनी काढलेला मार्ग म्हणजे कायम ठेव. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर खर्च भागवायचा. एकोणिसाव्या शतकात यासाठी सरकारी रोखे सर्वांत सुरक्षित मानले जात. पण १८९४ साली हिंदुस्थान सरकारने आपल्या चार टक्क्यांच्या कर्जाचे साडेतीन टक्क्यांत रूपांतर केले. हजार रुपयांच्या रोख्यावर ४० रुपये मिळत होते ते ३५ झाले. मुद्दल तेवढेच, उत्पन्न मात्र एक अष्टमांशाने कमी. ठेवीवर जगणाऱ्या प्रत्येक धर्मादाय संस्थेला हा फटका बसणे अटळ होते.

१२/
तिसरा आधार नगरपालिकेचा. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने ग्रंथालयांवर खर्च करण्याची मुभा नगरपालिकांना होती; बंधन नव्हते. पाणी, रस्ते, सफाई ही आवश्यक कर्तव्ये आणि वाचनालय हे ऐच्छिक. १८९६ नंतरची प्लेगची साथ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ यांनी स्थानिक संस्थांच्या तिजोऱ्या ओढल्या गेल्या होत्या. अशा वर्षी ऐच्छिक बाबींवर प्रथम काट पडते. अनुदान 'मिळू शकते' आणि अनुदान 'मिळेल' यांतील अंतर या संस्थांना तेव्हाच कळले.

१३/
याच काळात शेजारच्या बडोदे संस्थानात वेगळा प्रयोग सुरू होता. त्याचा कर्ता नाशिक जिल्ह्यातलाच : मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी जन्मलेले सयाजीराव गायकवाड. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून राज्यभर ग्रंथालयांची योजना आखली. सूत्र सोपे होते : एक तृतीयांश पैसा गावाने उभारावा, एक तृतीयांश स्थानिक मंडळाने द्यावा, एक तृतीयांश राज्याने. गावाने आपला वाटा आणला की उरलेले दोन वाटे मिळत.

१४/
या सूत्राचे मर्म विश्वासात होते. वर्गणी गोळा करणाऱ्यास ठाऊक असे की आपल्या प्रत्येक रुपयाचे तीन रुपये होणार आहेत. ब्रिटिश मुलखातील नाशिकला ही हमी नव्हती. तेथील वाचनालयाने शंभर रुपये अधिक जमवले, तरी त्यावर सरकारकडून काही मिळेलच असे नव्हते. ज्या जिल्ह्याने सयाजीरावांना जन्म दिला, त्याच जिल्ह्यातील वाचनालये त्यांच्या योजनेबाहेर राहिली.

१५/
मुंबई प्रांतात या दिशेने पहिले गंभीर पाऊल १९३९ साली पडले. बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली. तिने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत टप्प्याटप्प्याने जाळे उभारण्याची योजना सुचवली. युद्धामुळे ती मागे पडली आणि १९४६-४७ पासून अंशतः अंमलात आली. तिचा एक महत्त्वाचा परिणाम असा की सरकारने सर्वत्र नवी ग्रंथालये न काढता, लोकांनी चालवलेल्या जुन्या ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले.

१६/
मधल्या युद्धकाळाने वर्गणीचे गणित मोडले होते. १९३९ ते १९४५ या काळात हिंदुस्थानातील घाऊक किमती दुपटीहून अधिक वाढल्या. कागदावर नियंत्रण आले, पुस्तके कमी आणि महाग झाली. वर्गणी मात्र दुप्पट करता येत नाही, कारण वर्गणी वाढवली की सभासद गळतात, आणि ज्याला वाचनालयाची खरी गरज असते तो आधी गळतो. लहान संस्थांना महागाई नेहमीच अशी दोन्हीकडून कापते.

१७/
स्वातंत्र्यानंतर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. नोंदणी, ठरावीक नमुन्यातील हिशेब, लेखापरीक्षण आणि धर्मादाय आयुक्तांकडे अहवाल ही कर्तव्ये बंधनकारक झाली. ट्रस्टचा पैसा कोठे गुंतवावा यावरही मर्यादा आल्या. यामुळे अफरातफरीला आळा बसला, पण हिशेबनीस व लेखापरीक्षक यांचा खर्च नव्याने आला. लाखोंची उलाढाल करणाऱ्या संस्थेला आणि चार कपाटांच्या वाचनालयाला कागदपत्रे जवळजवळ तेवढीच लागतात.

१८/
मग आला महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७. सावानासारख्या संस्थांचे आजचे अर्थकारण या कायद्याने घडवले आहे. १९४८ च्या मद्रास कायद्याने ग्रंथालयांसाठी मालमत्ता करावर उपकर बसवला होता. महाराष्ट्राने तो मार्ग टाळला. त्याऐवजी राज्याने ग्रंथालय निधीत दर वर्षी किमान २५ लाख रुपये द्यावेत अशी तरतूद केली आणि अनुदानाचे वाटप नवनिर्मित ग्रंथालय संचालनालयाकडे सोपवले.

१९/
दोन मार्गांतील फरक दूरगामी आहे. उपकराचे उत्पन्न शहर वाढते तसे आपोआप वाढते. घरे वाढली, भाडी वाढली, की ग्रंथालयाचा वाटाही वाढतो. अनुदानाचा आकडा मात्र शासन निर्णयाने ठरतो आणि पुढचा निर्णय होईपर्यंत जागचा हलत नाही. नाशिक गेल्या पन्नास वर्षांत कितीतरी पटींनी विस्तारले, १९८२ साली महानगरपालिका झाली. पण त्या वाढीचा कोणताही हिस्सा हक्काने वाचनालयाकडे वळत नाही.

२०/
अनुदानाची यंत्रणा अशी : ग्रंथसंख्या, वाचकसंख्या, नियतकालिके, कामाचे तास, कर्मचारी यांवरून ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो. शिवाय ते जिल्ह्याच्या, तालुक्याच्या की इतर ठिकाणी आहे, हे पाहिले जाते. दर वर्षी तपासणी होते. अनुदानाचा साधारण निम्मा भाग वेतनावर आणि उरलेला ग्रंथ, नियतकालिके व इतर बाबींवर खर्च करणे अपेक्षित असते. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये हजारो आहेत.

२१/
आता आकडे. २०१२ च्या वाढीनंतर जिल्हास्तरीय अ वर्गाचे वार्षिक अनुदान ७,२०,००० रुपये होते आणि ड वर्गाचे ३०,०००. त्यानंतर दहा वर्षे ते तसेच राहिले. २०२२ साली शासनाने ६० टक्के वाढ दिली : जिल्हास्तरीय अ वर्गाला ११,५२,००० आणि ड वर्गाला ४८,०००. ६० टक्के हा आकडा ऐकताना मोठा वाटतो.

२२/
तो किती मोठा आहे हे मोजून पाहावे. महागाई दर वर्षी केवळ ५ टक्के धरली, तरी दहा वर्षांत १०० रुपयांची खरेदीशक्ती सुमारे ६१ रुपयांवर येते. त्या ६१ वर ६० टक्के वाढ दिली की ९८ होतात. म्हणजे ही वाढ संस्थेला दहा वर्षांपूर्वीच्या जागी जवळपास आणून सोडते, पुढे नेत नाही. आणि मधली दहा वर्षे जी तूट सोसली, ती कोणत्याही फरकाच्या रकमेने भरून निघत नाही.

२३/
वेतनाचा हिशेब याहून बोलका आहे. जिल्हास्तरीय अ वर्गाच्या ११,५२,००० पैकी निम्मे म्हणजे ५,७६,०००, महिन्याला ४८,०००. पाच कर्मचाऱ्यांत सारखे वाटले तर प्रत्येकी ९,६०० रुपये. ड वर्गात वर्षाचे २४,०००, म्हणजे खेड्यातील एकट्या ग्रंथपालाला महिन्याला २,००० रुपये. नवे पुस्तक निवडणारा, जुने सांभाळणारा आणि वाचकाला ओळखणारा माणूस या रकमेवर राहत नाही. राहिलाच तर तो संस्थेवर उपकार करत असतो.

२४/
ही पोकळी भरण्यासाठी मोठ्या शहरांतील वाचनालये चौथ्या स्रोताकडे वळली, तो म्हणजे वास्तूचे भाडे. सावानाचे नाट्यगृह आणि सभागृह शहरातील नाटके, व्याख्याने, स्पर्धा, समारंभ यांना मिळतात आणि त्यांच्या भाड्याचा वाचनालयाला हातभार लागतो. जुन्या दात्यांनी दिलेली वास्तू अशा रीतीने आज ग्रंथांसाठी कमावते. खेड्यातील ड वर्गाच्या वाचनालयाकडे भाड्याने देण्यासारखी खोलीच नसते.

२५/
भाड्याच्या उत्पन्नालाही धोके आहेत. नाट्यगृहाची दुरुस्ती, ध्वनियंत्रणा, अग्निसुरक्षा यांवर सतत खर्च करावा लागतो. महापालिकेच्या महाकवी कालिदास कलामंदिराशी तुलना होत राहते. २०२० च्या मार्चमध्ये महासाथीमुळे वाचनालये आणि नाट्यगृहे एकदमच बंद झाली. एक उत्पन्न बुडाले तर दुसरे सावरील, ही अपेक्षा तेव्हा फोल ठरली. वाचनालयाला सभासद येईनात आणि रंगमंचाला प्रेक्षक. पगार, वीज आणि वाळवी मात्र थांबले नाहीत.

२६/
आजीव सभासदत्वाचा प्रश्न बहुतेक सर्व जुन्या संस्थांना भेडसावतो. एकदाच रक्कम घ्यायची आणि जन्मभर पुस्तके द्यायची. पाचशे रुपये घेऊन ते आठ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला ४० रुपये मिळतात. ठेव ठेवली त्या वर्षी त्यात सभासदाचा खर्च भागतही असेल. तीस वर्षांनी त्या ४० रुपयांत एका पुस्तकाची बांधणीही होत नाही. एके काळी निधी उभारण्याचा सोपा वाटलेला मार्ग पुढच्या पिढीसाठी दायित्व होऊन बसतो.

२७/
ताळेबंदात न दिसणाऱ्या दोन गोष्टी येथे नोंदवायला हव्यात. पहिली, कार्यकारी मंडळातील माणसांचा विनामूल्य वेळ. १८४० पासून हा वेळ संस्थेला मिळत आला आहे आणि त्याची किंमत कोणी मांडलेली नाही. दुसरी, जुने ग्रंथ. काही आण्यांना घेतलेले पुस्तक शंभर वर्षांनी दुर्मिळ होते. हिशेबात त्याची किंमत शून्यवत असते, पण त्याला वाळवीपासून वाचवण्याचा, त्याचे संगणकीय चित्रण करण्याचा खर्च आजच्या भावाने करावा लागतो.

२८/
आणखी एक बाब. उत्पन्नात वर्गणीचा वाटा घटत गेला, तरी संस्थेवरचा हक्क वर्गणीदारांकडेच राहिला. सावानाची निवडणूक नाशिकमध्ये आजही चुरशीची होते, तिची बातमी होते. वाद होतात, आरोप होतात. परंतु ज्या संस्थेसाठी लोक मत मागायला दारोदार फिरतात, ती संस्था लोकांना आपली वाटते असाही त्याचा अर्थ आहे. पूर्णपणे सरकारी ग्रंथालयाच्या समितीसाठी कोणी फिरत नाही.

२९/
एकत्रित पाहता या इतिहासाची दिशा स्पष्ट आहे. वर्गणीने संस्थेला सभासद दिले, पण वाचकांची संख्या मर्यादित ठेवली. देणगीने वास्तू दिली, पण चालू खर्च दिला नाही. ठेवीने स्थैर्य दिले, ते व्याजदर आणि महागाई यांनी पोखरले. अनुदानाने खेडोपाडी वाचनालये टिकवली, पण ग्रंथपालाला पोट भरण्याइतके दिले नाही. भाड्याने शहरी संस्थांना तारले. कोणताही एक स्रोत पुरेसा नव्हता, आणि सावाना टिकले ते एक आटत असताना दुसरा शोधत राहिल्यामुळे.

३०/
त्यामुळे वाचनालय वाचवायचे म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर नव्या इमारतीच्या घोषणेत नाही. अनुदान महागाईशी जोडणे, ग्रंथपालाच्या वेतनाचा प्रश्न स्वतंत्रपणे सोडवणे, आणि शहर वाढते त्यातील एक छोटा वाटा ग्रंथालयाला हक्काने मिळणे, या तीन मागण्या जुन्याच आहेत. त्या मान्य होईपर्यंत वाचकाच्या हातात एवढे नक्की आहे : आपल्या गावातील वाचनालयाची वार्षिक वर्गणी भरावी, वार्षिक सभेला जावे, आणि तेथे ठेवलेला जमाखर्च उघडून वाचावा. #समाप्त